ऑपरेटर अनुभवी आहेत, तरी फोर्कलिफ्टचे अपघात का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: गोदामात चार फोर्कलिफ्ट आहेत, तीन काउंटरबॅलन्स आणि एक रीच ट्रक (अरुंद गल्लीत चालणारी, बॅटरीवरची गाडी). सातही ऑपरेटर जुने आहेत आणि सगळ्यांकडे प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट आहे. तरी चार महिन्यांत रॅकचे दोन खांब वाकले (ते ठोकून सरळ केले आणि रंग दिला), आणि एका हेल्परचा पाय मागच्या चाकाखाली येता येता वाचला. मालक म्हणतात, सगळ्यांना पुन्हा दोन दिवसांचं ट्रेनिंग द्या. त्याने फरक पडेल का? त्यात नेमकं काय असावं? आणि ते कुणी द्यावं, बाहेरच्या माणसाने की आपल्यातल्याच जुन्या ऑपरेटरने?

मी या कामात बावीस वर्षं आहे. पहिली नऊ वर्षं मी स्वतः गाडी चालवली, त्यानंतर शिकवतोय. दोन दिवसांच्या ट्रेनिंगने फरक पडेल, पण माझ्या अनुभवाप्रमाणे तो तीन-चार आठवडे टिकेल. तुमच्या सातही जणांना गाडी चालवता येते, आणि नेहमीच्या ट्रेनिंगमध्ये त्यांना तेच परत शिकवतील: पुढे घ्या, मागे घ्या, पॅलेट (माल रचायची फळी) उचला, प्लॅस्टिकच्या कोनांमधून आठचा आकडा काढा. ती परीक्षा सगळे पास होतील आणि सोमवारी पुन्हा त्याच जागी, त्याच घाईत गाडी चालवतील. त्यांना दोन गोष्टी मिळालेल्या नसाव्यात असा माझा अंदाज आहे. गाडी कशी पडते हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही, आणि गाडी थांबवायची मोकळीक त्यांना कुणी दिलेली नाही.

आधी गाडीबद्दल बोलू. मी कुठल्याही नव्या ठिकाणी गेलो की ऑपरेटरला पहिला प्रश्न विचारतो, "तुझी गाडी किती उचलते?" उत्तर लगेच येतं, "दोन टन." मग विचारतो, "किती अंतरावर?" इथे बहुतेक जण गप्प होतात. काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्ट म्हणजे लहान मुलांचा सी-सॉ आहे. पुढचा अ‍ॅक्सल (चाकांचा दांडा) हा त्याचा टेकू, एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला गाडीचं मागचं लोखंड, म्हणजे काउंटरवेट. सी-सॉवर जाडजूड मुलगा टेकूजवळ बसला तर पलीकडचा सडपातळ मुलगाही त्याला उचलतो; तोच जरा टोकाकडे सरकला की खेळ संपला. म्हणून गाडीवरच्या डाटा प्लेटवर, म्हणजे क्षमतेच्या पाटीवर, नुसतं वजन नसतं, त्याच्याबरोबर लोड सेंटरचं अंतर आणि उचलण्याची उंचीही लिहिलेली असते. या आकाराच्या गाड्यांना ते अंतर बहुतेक वेळा ५०० मिलिमीटर असतं, फोर्कच्या (माल उचलणाऱ्या लोखंडी काट्यांच्या) उभ्या पाठीपासून मालाच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजलेलं.

फळ्यावर मी हे गणित ऑपरेटरकडूनच करून घेतो. समजा, पुढच्या अ‍ॅक्सलपासून फोर्कच्या पाठीपर्यंत ४५० मिलिमीटर अंतर आहे. प्लेटवर २००० किलो, ५०० मिलिमीटरला. म्हणजे टेकूपासून ९५० मिलिमीटरवर २००० किलो, गुणाकार १९ लाख. आता दोन मीटर लांबीची पेटी आडवी न घेता लांबीने फोर्कवर घेतली तर तिचा मध्य एक मीटरवर गेला. टेकूपासून अंतर झालं १४५०. एकोणीस लाखांना त्याने भागा, उत्तर येतं सुमारे १३१० किलो. दोन टनांची म्हणून मिरवणारी गाडी इथे सव्वा टनाच्या जरा वर गेली की डळमळू लागते. हा हिशोब फक्त समजण्यापुरता आहे. प्रत्यक्षात निर्मात्याच्या प्लेटवर किंवा तक्त्यावर असेल तोच आकडा धरायचा, कारण मास्टची (फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या सांगाड्याची) उंची आणि टिल्ट, म्हणजे त्याचा झुकाव, यांनी तो आणखी खाली येतो. गाडीला साइड शिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारा), क्लॅम्प (माल चिमटीत धरणारा) असं काही जोडलं असेल तर क्षमता परत घटते आणि त्यासाठी नवी प्लेट लागते. तुमच्या गाड्यांवर प्लेट आहे का, आणि ती वाचता येते का, एवढं आजच बघून या. मला निम्म्या ठिकाणी ती रंगाखाली सापडते.

हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केलेला ऑपरेटर पुढे कधीच "बसेल, चल" असं म्हणत नाही, असा माझा दावा नाही. पण म्हणण्याआधी क्षणभर थांबतो.

दुसरी गोष्ट जुन्या ऑपरेटरनाही चकित करते. रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा बाजूला सहज उलटते. आपल्याला वाटतं उलट, कारण धोका नेहमी मालात दिसतो. फोर्कलिफ्टला चार चाकं असली तरी ती तीन पायांवर उभी असते: पुढची दोन चाकं आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधली पिन. मागचा अ‍ॅक्सल त्या पिनभोवती डोलतो, म्हणून मागची दोन चाकं तोलाच्या हिशोबात एकच. या तीन बिंदूंचा त्रिकोण पुढे रुंद आणि मागे निमुळता असतो. माल घेतला की सगळ्याचा मिळून गुरुत्वमध्य पुढे, त्रिकोणाच्या रुंद भागाकडे येतो. माल उतरवला की तो मागे, निमुळत्या टोकाकडे सरकतो, आणि तिथे डाव्या-उजव्या बाजूला जागाच कमी उरते. त्यात रिकामी गाडी पळते जोरात. वळणावर वेग दुप्पट झाला की बाहेर ढकलणारा जोर चौपट होतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी गाडीवर शिकलो. तिसरं वर्ष होतं, शिफ्ट संपत आली होती, शेवटचा माल लावून रिकामी गाडी घेऊन मी चार्जिंगच्या जागेकडे निघालो. फोर्क साधारण छातीच्या उंचीवर राहिले होते, खाली घ्यायचा कंटाळा. दारातून उजवीकडे वळलो आणि उजवं पुढचं चाक जमिनीवरून उचललं गेलं. किती उचललं मला सांगता येणार नाही, पण मी एक पाय बाहेर काढला होता हे पक्कं आठवतं. गाडी परत चाकावर बसली, त्यात माझं कौशल्य काही नव्हतं. एक वयस्क मेकॅनिक बघत होते. ते आले, रागावले नाहीत, फक्त डोक्यावरच्या लोखंडी छताची कड दाखवून म्हणाले, "उडी मारली असतीस ना, तर हे पडलं असतं तुझ्यावर."

बसून चालवायच्या गाडीत उलटताना करायचं ते असं: बेल्ट लावलेला हवाच, उडी मारायची नाही, स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी ज्या बाजूला पडतेय त्याच्या विरुद्ध बाजूला झुकायचं. माणसाची उडी आणि गाडीचं पडणं एकाच दिशेला होतं, म्हणून उडी मारणारा छताखाली सापडतो. मागून चढायच्या, उभ्याने चालवायच्या गाड्यांचं वेगळं आहे. तिथे मागे पाऊल टाकून गाडीपासून दूर व्हायचं. आपली गाडी कुठल्या प्रकारची आणि तिच्या पुस्तिकेत काय लिहिलंय हे ऑपरेटरला पाठ असलं पाहिजे, कारण त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. अमेरिकेत १९८० ते १९९४ या काळात फोर्कलिफ्टमुळे झालेल्या १,०२१ मृत्यूंचा तिथल्या कामगार-आरोग्य संशोधन संस्थेने अभ्यास केला. त्यात गाडी उलटून मेलेले २२ टक्के होते. पायी चालणाऱ्याला गाडीची धडक बसली असे २० टक्के. आकडे जुने आहेत, पण मी पाहिलेल्या अपघातांत आणि हुकलेल्या अपघातांत हेच दोन प्रकार पुन्हा पुन्हा येतात.

आता तुमच्या हेल्परकडे वळू. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, खांबांपेक्षाही.

फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. कारमध्ये पुढचं नाक वळतं आणि मागचा भाग निमूटपणे मागोमाग येतो. इथे गाडी डावीकडे वळली की तिचं मागचं लोखंड उजवीकडे झोकात बाहेर येतं. ऑपरेटरचे डोळे त्या वेळी फोर्कच्या टोकांवर असतात, कारण पॅलेटच्या फटीत ते नीट घालायचे असतात. मागच्या कोपऱ्याशी उभा असलेला माणूस त्याला दिसत नाही, आणि त्या माणसाला वाटतं, गाडी तर पलीकडे वळतेय, मी सुरक्षित आहे. दोन टनांच्या गाडीचं स्वतःचं वजन रिकामी असतानाही तिच्या क्षमतेपेक्षा बरंच जास्त असतं, कारण काउंटरवेट तिच्यातच आहे. सेफ्टी शूजची टोपी अशा चाकासाठी बनवलेली नसते.

पण मला विचाराल तर इथला खरा प्रश्न वेगळा आहे. तो हेल्पर तिथे का उभा होता? स्टिकर लावत होता? पट्टी सरळ करत होता? मोजणी करत होता? की ऑपरेटरला "थोडं डावीकडे, थोडं वर" असं सांगत होता? यातलं जे उत्तर येईल ते ट्रेनिंगने सुटणार नाही. स्टिकर पॅलेट जमिनीवर असताना, गाडी येण्याआधी लावता येतात. मोजणी गाडी त्या गल्लीत नसताना करता येते. एका ठिकाणी मी तीन दिवस नुसता कोपऱ्यात उभा राहून कोण कधी गाडीजवळ जातं ते वहीत लिहीत होतो. बहुतेक फेऱ्या एका पाण्याच्या कूलरमुळे होत्या. तो गाड्यांच्या वाटेपलीकडे ठेवलेला होता. कूलर हलवला, आणि ऑपरेटरना एकही नवा नियम शिकवावा न लागता अर्धी गर्दी कमी झाली.

माणसांची वाट आणि गाड्यांची वाट वेगळी करा, जमेल तिथे रेलिंग लावून, न जमेल तिथे रंगाच्या पट्ट्यांनी. पट्टी मात्र कुणाला अडवत नाही, हे लक्षात असू द्या. आंधळ्या कोपऱ्यांवर आरसे, गाडीच्या पुढे-मागे जमिनीवर पडणारा निळा दिवा, या गोष्टी उपयोगी आहेत. हॉर्नबद्दल माझं मत जरा वाकडं आहे: जिथे ऑपरेटर दर पाच सेकंदांनी हॉर्न वाजवतो तिथे तो कुणालाच ऐकू येत नाही. कोपरा, दार, गल्लीचं तोंड, एवढ्याच जागी वाजवा. ऑपरेटरने तुमच्याकडे पाहून हात दाखवल्याशिवाय गाडीपुढून जायचं नाही हा नियम सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला आहे.

म्हणून ट्रेनिंग फक्त सात ऑपरेटरना देऊ नका. हेल्पर, सुपरवायझर, स्टोअरमधले लोक, माल आणणारे ट्रकचालक, सगळ्यांना अर्धा तास तरी द्या. त्यात भाषण नको. गाडीवर उंच भरलेलं पॅलेट ठेवा, चावी काढून खिशात घाला, आणि एकेका हेल्परला ऑपरेटरच्या सीटवर बसवा. दुसऱ्याला मालापुढे चार पावलांवर उभं करा. "दिसतोय का?" दिसत नाही. मास्ट आणि माल मिळून अख्खा माणूस गिळून टाकतात. तासभराच्या भाषणाने जे होत नाही ते या दोन मिनिटांत होतं. आणि असं दिसत नसेल तर ऑपरेटरने काय करायचं? मागे तोंड करून रिव्हर्समध्ये जायचं. मान दुखते, मान्य आहे. म्हणूनच उंच पॅलेट किती उंच रचायचं हे पॅकिंगवाल्यांनाही सांगायला हवं.

वेगाचं गणितही सगळ्यांसमोर करा. ताशी १२ किलोमीटर ऐकायला काहीच वाटत नाही. पण ते सेकंदाला साडेतीन मीटरच्या जरा आत आहे. माणूस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला तरी गाडी तेवढी पुढे गेलेली असते, ब्रेक अजून लागायचाच असतो. आणि पुढे माल असताना करकचून ब्रेक मारला तर माल फोर्कवरून पुढे निघून जातो, हे वेगळंच.

खांब वाकण्याबद्दल: ते कुठे वाकले आहेत, जमिनीपासून किती उंचीवर, आणि गल्लीच्या तोंडाशी की आत, यावरून बरंच कळतं. तोंडाशी आणि खाली वाकला असेल तर गाडी आत वळताना मागचा भाग किंवा पॅलेटचा कोपरा लागला आहे. त्याला खांबापुढे जमिनीत बसवलेलं संरक्षक लोखंड हवं आणि वळायला जागा आहे का ते पाहायला हवं. आत असेल तर गाडी आणि गल्लीची रुंदी जुळत नाही अशी शक्यता आहे. काउंटरबॅलन्सला काटकोनात वळायला रीच ट्रकपेक्षा पुष्कळ जास्त जागा लागते, आणि घाई असली की रीच ट्रकच्या गल्लीत काउंटरबॅलन्स घुसवली जाते. आणखी एक सहज न दिसणारं कारण म्हणजे फोर्कची लांबी. १२०० मिलिमीटरचे फोर्क आणि १००० मिलिमीटर खोल पॅलेट असेल, तर फोर्क पूर्ण आत घातले की मागून २०० मिलिमीटर बाहेर येतात. ते मागच्या पॅलेटला ढकलतात किंवा रॅकला खुपतात, आणि ऑपरेटरला सीटवरून काही दिसत नाही.

रीच ट्रकबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. काउंटरबॅलन्सचं सर्टिफिकेट रीच ट्रकला चालत नाही. बसण्याची दिशा वेगळी, वळण्याचा अंदाज वेगळा, मास्ट पुढे-मागे सरकतो, पुढचे पाय जमिनीलगत पसरलेले असतात. एकावर दहा वर्षं काढलेला माणूस दुसऱ्यावर पहिले काही दिवस नवशिकाच असतो, फरक एवढाच की तो स्वतःला नवशिका मानत नाही. तुमचे सातही जण रीच ट्रक चालवतात का? वेगळं शिकून? मला शंका आहे.

आता ट्रेनिंगचा आराखडा. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा फोर्कलिफ्टबाबतचा प्रशिक्षणाचा नियम १९९९ पासून लागू आहे, आणि तुमच्याकडे कुठलाही कायदा असो, त्याचा सांगाडा घेण्यासारखा आहे. त्यात तीन भाग आहेत: वर्गातलं शिक्षण, गाडीवरचा सराव, आणि प्रत्यक्ष कामाच्या जागी मूल्यमापन. शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो. मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकच्या कोनांमधून गाडी काढली की सर्टिफिकेट. तुमच्या गोदामाचा उतार, तुमची अरुंद गल्ली, तुमचा डॉक (ट्रक भरायची-उतरवायची जागा), तुमचे गुळगुळीत ड्रम त्या मैदानात नसतात. त्याच नियमात दर तीन वर्षांनी पुन्हा मूल्यमापन सांगितलंय, आणि अपघात झाला, थोडक्यात हुकला, ऑपरेटर चुकीचा चालवताना दिसला, वेगळ्या प्रकारची गाडी आली किंवा जागेत बदल झाला, तर लगेच उजळणी. या हिशोबाने तुमच्याकडे उजळणीची वेळ तीनदा येऊन गेली: दोन खांब आणि एक पाय.

मी स्वतः शिकवतो तेव्हा पहिला अर्धा दिवस गाडीला चावी लावत नाही. डाटा प्लेट, सी-सॉ, त्रिकोण, आणि गाडीभोवती फिरून तपासणी. नंतर दोन-तीन जणांची तुकडी. वीस जणांना एका गाडीवर शिकवणं म्हणजे एकोणीस जणांना चहाला पाठवणं. सरावाला मी पॅलेटवर काठोकाठ भरलेली पाण्याची बादली ठेवतो. ठरलेल्या वाटेने जाऊन यायचं, थांबायचं, वळायचं, पॅलेट रॅकवर ठेवून परत काढायचं, आणि शेवटी किती पाणी उरलं ते बघायचं. जुने ऑपरेटर हसतात. पहिल्या फेरीत सगळ्यात कमी पाणी त्यांचंच उरतं. दुपारपर्यंत आपापसात पैजा लागतात, आणि कुणी न सांगता हात हलके होतात.

उतारावर माल नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचा: भरलेली गाडी चढताना पुढे तोंड, उतरताना रिव्हर्स. रिकामी असेल तर उलट, फोर्क उताराच्या बाजूला. उतारावर वळायचं नाही, तिरकं जायचं नाही. चालताना फोर्क जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटर, मास्ट जरा मागे झुकलेला. माल वर असताना गाडी फिरवायची नाही. फोर्कवर किंवा पॅलेटवर माणूस उचलायचा नाही, बल्ब बदलायला सुद्धा नाही. हे वाक्य मी हसत बोलत नाही. उभी करताना फोर्क जमिनीला टेकवून, हँडब्रेक लावून, चावी काढून. चावी लावून ठेवलेली गाडी कधी ना कधी सर्टिफिकेट नसलेल्या माणसाच्या हातात जाते.

डॉकवर ट्रक हलतो. फोर्कलिफ्ट आत-बाहेर करताना प्रत्येक वेळी ब्रेकचा धक्का ट्रकला बसतो आणि तो इंच इंच पुढे सरकत जातो, मधली फट वाढत जाते. त्याहून वाईट म्हणजे चालकाला वाटतं माल भरून झाला आणि तो निघतो, फोर्कलिफ्ट आत असताना. चाकांना चोक, म्हणजे पाचर, लावणं आणि ट्रकची चावी डॉकवरच्या हुकला अडकवून ठेवणं, या दोन गोष्टी केल्या तर बरेच प्रश्न मिटतात.

रोजच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तिथे सगळ्यात जास्त थापा चालतात. टायर, तेलाची गळती, फोर्क, साखळ्या, ब्रेक, स्टिअरिंग, हॉर्न, दिवे, बेल्ट: हा कागद बहुतेक ठिकाणी असतो, आणि बहुतेक ठिकाणी आठवडाभराच्या टिका सोमवारी एकाच पेनाने मारलेल्या असतात. मी एक छोटी युक्ती वापरतो. आदल्या संध्याकाळी गाडीवर कुठेतरी, साखळीच्या मागच्या बाजूला किंवा फोर्कच्या कोपऱ्याखाली, एक रंगीत चिठ्ठी चिकटवतो. तपासणी खरंच केली तर ती सापडते, आणि सापडली तर माझ्याकडे आणून द्यायची. कुणालाही शिक्षा नाही. पहिल्या आठवड्यात माझ्याकडे चिठ्ठ्या येतच नाहीत.

काय शोधायचं तेही सांगावं लागतं. फोर्कचा जिथे काटकोन होतो ती टाच जमिनीवर घासून झिजते. मूळ जाडीच्या १० टक्के झिजली की फोर्क बाद. हे ऐकून लोक म्हणतात, एवढ्याशाने काय होतं? वाकण्याला विरोध करण्याची ताकद जाडीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून दहावा भाग झिजला की जवळजवळ पाचवा भाग ताकद गेलेली असते. फोर्कला वेल्डिंग करून काम भागवायचं नाही. साखळी ३ टक्के ताणली गेली की बदलायची. तेलाची बारीक धार शोधताना हात फिरवायचा नाही. दाबाखालचं तेल कातडी भेदून आत जातं, वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीची वाट बघत असतो. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर हवी, बॅटरीवर पाने-पक्कड ठेवायची नाही, आणि डिस्टिल्ड पाणी चार्जिंग झाल्यावर घालायचं. रीच ट्रकमुळे हे तुम्हाला लागू आहेच.

आणि तपासणीत काही सापडलं तर? इथे माझा मूळ मुद्दा येतो. ऑपरेटर सकाळी सांगतो, ब्रेक हलका लागतोय. सुपरवायझर म्हणतो, "एवढी गाडी खाली करून घे, मग बघू." या एका वाक्याने दोन दिवसांचं ट्रेनिंग पुसून जातं. त्या ऑपरेटरने पुढे कधी काही सांगितलं नाही तर त्याचा दोष नाही. म्हणून मी आता सुपरवायझर आणि मॅनेजर समोर बसल्याशिवाय ऑपरेटरचं ट्रेनिंग घेत नाही. त्यांच्यासमोर मी एकच गोष्ट ठरवून घेतो: ऑपरेटरने "ही गाडी चालवणार नाही" किंवा "हा माल असा उचलणार नाही" म्हटलं, तर कुणाला कळवायचं, पर्यायी गाडी कोण देणार, आणि त्या दिवसाच्या आकड्याचं काय करायचं. हे लेखी हवं. पॅलेटच्या संख्येवर बोनस असेल तर त्याचाही विचार करा. तुम्ही एका हाताने सावकाश चालवा सांगताय आणि दुसऱ्या हाताने घाईचे पैसे देताय.

एक खूणही सांगतो. ट्रेनिंगनंतर दोन महिन्यांत हुकलेल्या अपघातांची नोंद वाढली पाहिजे. अपघात वाढले म्हणून नव्हे, लोक सांगू लागले म्हणून. नोंदवही कोरी राहिली तर सगळं सुरळीत आहे असं मी तरी मानणार नाही.

शिकवायचं कुणी? दोघांनी. तोलाचं गणित, नियम आणि मूल्यमापन बाहेरच्या माणसाकडून करून घ्या, कारण तुमच्या सात जणांपैकी प्रत्येक जण प्रत्येकाचा मित्र आहे, आणि मित्राला नापास करणं अवघड असतं. पण जागेवरचा सराव तुमच्याच एका ऑपरेटरने घ्यावा, त्याला आधी शिकवायला शिकवून. निवडताना सगळ्यात वेगवान माणूस घेऊ नका. आठवडाभर कुणाला न सांगता बघा: रिकामी गाडी घेऊन जाताना कोणाचे फोर्क खाली असतात, बघणारं कुणी नसताना कोण बेल्ट लावतो, गाडी सोडताना कोण चावी काढतो. बहुधा तो एकच माणूस निघतो, आणि बहुधा त्याच्याबद्दल "जरा स्लो आहे" अशी तक्रार असते. तो तुमचा प्रशिक्षक.

हे सगळं व्हायला महिना-दीड महिना लागेल. तोवर थांबता येणार नाही अशी एक गोष्ट आहे. वाकलेले खांब ठोकून सरळ केले आणि रंग दिला, असं तुम्ही कंसात लिहिलंय. रॅकचा खांब पातळ पत्र्याला घड्या घालून बनवलेला असतो, त्याची ताकद त्या घड्यांच्या सरळपणात असते. एकदा मुडपलेला पत्रा ठोकून सरळ दिसतो, पण पूर्वीइतकं वजन घेत नाही, आणि रंगाने तर पुढच्या तपासणीत तो ओळखूही येणार नाही. त्या खांबांच्या दोन्ही बाजूंच्या कप्प्यांतला माल आजच उतरवून घ्या, वरून खाली, आणि उतरवताना गल्लीत पायी कुणी नको. कप्प्यांना पट्टी बांधून ते बंद करा, रॅक बनवणाऱ्याला बोलवा आणि खांब बदलून घ्या.